दक्षिण्यांची दुखणी

किल्ल्याच्या दक्षिणेस पसरलेल्या ज्या वस्तीला ग्वाल्हेरकर आज ‘लष्कर’ म्हणतात, ती मुळात नगर म्हणून कोणी वसविलीच नव्हती. उज्जयिनी सोडून राजपुतान्यात खंडण्या उगवीत फिरणारी दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० साली किल्ल्याच्या पायथ्याशी उतरली, उद्या उठू परवा उठू म्हणत तेथेच राहिली, आणि राहुट्यांच्या जागी आधी छपरे, मग माळवदे, मग चौसोपी वाडे उभे राहिले तरी नाव मात्र मुक्कामाचेच उरले. सरदाराच्या तळाला मराठीत गोट म्हणतात; तो शब्द तेथील जिभेवर ‘गोठ’ झाला आणि महाडिकांची गोठ, चिटणिसांची गोठ अशा मोहल्ल्यांच्या नावांतून आजही पत्त्यावर लिहिला जातो. पलटणींचा कंपू, तोफखान्याची जिनसी, शिंद्यांची छावणी ही नावेही त्याच जातीची. सातारा प्रांतातील कण्हेरखेडच्या पाटलाच्या वंशजामागे घोड्यावर, बैलगाडीत आणि पायी चालत आलेली ही माणसे, शिलेदार, कारकून, भिक्षुक, शागीर्द, बटक्या, या मुलखात परकी होती, आणि तिथले लोक त्यांना ‘दक्षिणी’ म्हणत. ही माणसे आजारी पडली म्हणजे कोठे जात होती, हा प्रश्न क्षुल्लक वाटतो. परंतु राज्यांच्या इतिहासात तहनाम्यांना जेवढी पाने मिळाली त्याच्या शतांशही पाने ज्या गोष्टीला मिळाली नाहीत, त्या गोष्टीत माणसांचे रोजचे आयुष्य अधिक स्पष्ट दिसते अशी माझी समजूत आहे.

परदेशांतील विद्वानांनी अलीकडे हाच प्रश्न आपापल्या देशांपुरता विचारला आहे. नॉर्वेत २००१ सालापासून प्रत्येक रहिवाशाच्या नावे एक ठराविक डॉक्टर नेमून देण्याची व्यवस्था आहे, व त्यामुळे कोण किती वेळा दवाखान्याची पायरी चढला याची नोंद सरकारदप्तरी आपोआप होते. या नोंदींवरून तेथील अभ्यासकांना जे दिसले त्याचे सार एवढेच की, बाहेरून आलेला मनुष्य मूळ रहिवाशापेक्षा सामान्यतः दवाखान्यात कमी जातो, आणि वास्तव्याची वर्षे वाढत जातात तसतसे हे अंतर कमी होत जाते. नवागत तरुण व धट्टाकट्टा असतो हे एक कारण. भाषा येत नाही, रीत ठाऊक नसते, संकोच वाटतो, ही दुसरी. या सर्व विवेचनात नवागत म्हणजे दुर्बल, आणि दवाखाना म्हणजे मूळच्या लोकांनी बांधलेला, असे गृहीत धरलेले असते. ग्वाल्हेरीत हा हिशेब उलटा होता. तेथे नवागत हा धनी होता, सरकारवाडा त्याचा, खजिना त्याचा, आणि पुढे कालांतराने दवाखानाही त्याचाच. एवढे असूनही त्या दवाखान्याचा उंबरठा ओलांडायला त्याच्या घरातील माणसांना मुलखातल्या माणसांइतकाच, किंबहुना कधी कधी अधिक, विलंब लागला, हे या इतिहासाचे खरे वैचित्र्य आहे.

दक्षिणी लोक येण्यापूर्वी या मुलखात वैद्यकाची वाण नव्हती. जुन्या ग्वाल्हेरीत मोगलाईपासून चालत आलेली हकिमांची परंपरा होती, जखमा शिवणारे व गळवे फोडणारे जर्राह होते, वैद होते, दाया होत्या, आणि यांतून कोणाचाच गुण आला नाही म्हणजे झाडफूंक करणारे ओझा लोक होते. हकिमाची बैठक, जिला उर्दूत ‘मतब’ म्हणतात, ती सर्वांना खुली असे. रोगी ओळीने येऊन बसत, नाडी दाखवीत व नुसखा घेऊन अत्ताराकडे जात. दक्षिण्यांची चाल निराळी पडली. मराठी दरबारच्या अठरा कारखान्यांत शरबतखाना नावाचा एक कारखाना असे व औषधींचा संग्रह त्याकडे असे. वैद्य हा नेमणुकीचा मनुष्य, सरदाराचा आश्रित, दसऱ्याला पोशाख घेणारा व पंक्तीला पाट मांडला जाणारा. तो रोग्याकडे येई. म्हणजे एका बाजूस रोगी वैद्याच्या दारी जाणारा समाज, आणि दुसऱ्या बाजूस वैद्य रोग्याच्या माजघरापर्यंत येणारा समाज, असे दोन समाज एका नाल्याच्या दोन काठांवर नांदू लागले. ज्याच्या घरी वैद्य चालत येतो त्याला पुढे रांगेत उभे राहणे अपमानाचे का वाटावे, हे यावरून समजते. अर्थात ही प्रतिष्ठा वाड्यांतल्यांची. पागेतल्या खिजमतगाराला ज्वर भरला तर त्याच्या नशिबी चुलीवरचा काढा आणि घोंगडी हेच असे, आणि तो मात्र फार लवकर हकिमाच्या मतबात जाऊन बसू लागला असावा असा माझा तर्क आहे.

छावणीला स्थिर होऊन सात वर्षे होतात न होतात तोच महामारी आली. १८१७ च्या नोव्हेंबरात, दौलतरावांवर तह लादण्यासाठी गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज आपल्या सेनेसह मध्य हिंदुस्थानातील सिंध नदीच्या बाजूस उतरला होता. ५ नोव्हेंबरला तह झाला आणि त्याच सुमारास त्याच्या तळात पटकीने अशी काही धाड घातली की, माणसे चालता चालता रस्त्यात पडू लागली, आणि त्याला तळ उठवून बेतवेकाठी एरिचला जावे लागले. शिंद्यांच्या फौजेने लढून जे साधले नसते ते पटकीने न लढता साधले, परंतु तह तोवर झालेला होता. या साथीचा अर्थ बुंदेलखंडातील लोकांनी आपल्या परीने लावला. ओरछ्याच्या वीरसिंहदेवाचा पुत्र हरदौल याच्या राईत गोऱ्या सैन्याने गोवध केला म्हणून हा कोप झाला, असे लोक म्हणू लागले. ती हकीकत स्लीमन नावाच्या इंग्रज अंमलदाराने आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे. गावोगाव हरदौलाचे चौथरे उभे राहिले, आणि लग्नाचे पहिले निमंत्रण ज्याला द्यायचे तो हरदौल पटकीचाही निवारक ठरला. दक्षिण्यांना हरदौल ठाऊक नव्हता. त्यांची पटकी म्हणजे मरीआई. तिला गाड्यावर बसवून शिवेबाहेर पोहोचवायचे, लिंबाचे डहाळे बांधायचे, दहीभात उतरून टाकायचा. एकाच रोगाने, एकाच विहिरीच्या पाण्याने, एकाच आठवड्यात मरणारी माणसे दोन वेगळ्या दैवतांना शरण जात होती. आणि आपल्या शिवेबाहेर घालविलेली मरीआई दुसऱ्याच्या शिवेत शिरते, हा विचार कोणाही भक्ताला कधी सुचलेला दिसत नाही.

देवीच्या रोगाचे तर याहून नाजूक होते. मराठीत रोगाचेच नाव ‘देवी’, हिंदीत ‘माता’. दोन्ही शब्दांत भीतीपेक्षा आर्जव अधिक. ग्वाल्हेरपासून काही कोसांवर सातऊची शीतला माता आहे व तिथले लोक होळीनंतरच्या आठवड्यात बासोडा करतात, म्हणजे चूल थंड ठेवून आदल्या दिवशीचे शिळे अन्न खातात. मराठी घरांत शीतळासप्तमी येते ती श्रावणात. शिळे खाण्याची रीत दोघांची सारखी, देवीही एकच, आणि मध्ये चार महिन्यांचे अंतर! त्यात पंचांगाचाही घोळ: नर्मदेच्या दक्षिणेस महिना अमावास्येला संपतो आणि उत्तरेस पौर्णिमेला, म्हणून दक्षिण्याचा वैशाख वद्य पक्ष तोच शेजाऱ्याचा जेठ बदी. पंचमीला पुन्हा नाडी दाखवा असे हकिमाने सांगितले तर कोणत्या महिन्याची पंचमी, हे विचारून घ्यावे लागे. बायकांनी आपला तोडगा काढला. घरात कोणाला देवी आल्या तर त्या श्रावणाची वाट न पाहता सातऊलाही ओटी बोलू लागल्या. ज्योतिबाचा आणि जेजुरीचा नवस शेकडो कोसांवर फेडायचा राहून जाई, त्यापेक्षा जवळची देवी बरी. प्रवासी माणूस शेजाऱ्याचा डॉक्टर स्वीकारण्याच्या कितीतरी आधी शेजाऱ्याचा देव स्वीकारतो, असे माझे निरीक्षण आहे.

देवीवर लसही आली होती. मुंबईत १८०२ च्या जूनमध्ये ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला प्रथम लस टोचली गेली आणि तिच्या दंडावरून ती हातोहात देशभर गेली, हे प्रसिद्ध आहे. या कर्माला मराठीने ‘देवी काढणे’ म्हटले व उत्तरेने ‘टीका लगाना’. पहिल्या शब्दप्रयोगात देवी आत आहेच व ती बाहेर काढायची आहे असा भाव आहे. दुसऱ्यात कपाळीच्या तिलकाचा मंगल ध्वनी आहे. उत्तरेत टीकादार लोक लसीच्या पूर्वीपासून, रोग्याच्या फोडातील पू घेऊन टोचण्याचा धंदा करीत. तसा धंदा दक्षिणेत फारसा रुळलेला नव्हता. म्हणजे दंडावर सुई घेण्याच्या बाबतीत मुलखातला अडाणी म्हणवला जाणारा शेतकरी दक्षिण्या शास्त्र्यापेक्षा अधिक सरावलेला होता, असे म्हणायला जागा आहे.

परंतु दैवते, पंचांग आणि सुया या साऱ्यांहून मोठा अडसर भाषेचा होता, व तो आजच्या नॉर्वेतही आहे आणि तेव्हाच्या लष्करातही होता. माणूस व्यापार परभाषेत करू शकतो, भांडणही करू शकतो. दुखणे मात्र त्याला आईच्या भाषेतच सांगता येते. ‘कणकण’ हा शब्द हकिमाला कसा सांगावा? ‘हरारत’ त्याच्या जवळपास येतो, पण कणकणीत जो हाडांतला बारीक आवाज आहे तो हरारतीत नाही. ठणका, कळ, चमक, उसण, मुरडा, शिणवटा ही सारी नाणी त्या बाजारात खोटी ठरली. आणि ज्या शब्दांची ओळख वाटे तेच अधिक दगा देत. ‘जुलाब’ हा शब्द दोन्ही भाषांत आहे. मराठी मनुष्य ‘जुलाब होतात’ म्हणतो तेव्हा त्याला पोट सुटल्याचे सांगायचे असते, आणि हिंदी ऐकणाऱ्याच्या लेखी जुलाब म्हणजे पोट साफ करण्याचे औषध. आमच्या आजोळी, लष्करातल्या एका जुन्या वाड्यात, मुलकी खात्यात हयात घालविलेल्या एका पूर्वजाची गोष्ट सांगत. ते पहिल्यानेच हकिमाकडे गेले. हकिमाने अदबीने पृच्छा केली, ‘आज दस्त कितने आए?’ आणि ज्यांच्या दप्तरात दस्त म्हणजे सरकारी वसुली असे ते गृहस्थ गंभीरपणे म्हणाले, ‘परगण्याचे अजून यायचे आहेत.’ गोष्ट घडली असेल वा रचली असेल. परंतु ती तीन पिढ्या सांगितली गेली याचा अर्थ ऐकणाऱ्यांना ती सर्वस्वी अशक्य वाटली नाही.

त्याच आजोळच्या माडीवर, पूजेच्या संदुकीत, खारव्यात बांधलेले एक बाड होते. लांबट, शिवलेले, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. आरंभीची पाने मोडीत, टाकाच्या घट्ट फराट्यांत. त्यांत काढे, चूर्णे, बाळगुटीचे जिन्नस आणि मधूनच एखादा उसनवारीचा हिशेब. या पानांवर ओवा आहे, ज्येष्ठमध आहे, बडीशेप आहे, गुळवेल, काडेचिराईत, वेखंड, सोनामुखी आहे. मध्यावर हात बदलतो, शाई फिकी होते, आणि ओव्याच्या शेजारी बारीक अक्षरात ‘अजवाइन’ असे लिहिलेले दिसते. ज्येष्ठमधाशेजारी ‘मुलहठी’, गुळवेलीशेजारी ‘गिलोय’, वेखंडाशेजारी ‘बच’. शेवटची पाने बाळबोधीत आहेत आणि तेथे मूळचे मराठी नाव पुष्कळदा लिहिलेलेच नाही. थेट सौंफ, सनाय, चिरायता. मी या बाडाकडे कितीदा तरी पाहत बसलो आहे. ते लिहिणाऱ्यांनी कोणताही सिद्धांत मांडलेला नाही. त्यांना फक्त पंसाऱ्याकडून जिन्नस आणायचा होता, आणि पंसाऱ्याला वेखंड समजत नव्हते. दक्षिणी आणि मुलखातला यांची औषधाच्या बाबतीत पहिली गाठ हकिमाच्या मतबात पडली नाही, दवाखान्यातही पडली नाही. ती दौलतगंजातल्या, दालबाजारातल्या पंसाऱ्याच्या फळीवर, तागडीच्या दोन बाजूंना पडली. बाहेरून आलेल्याच्या आरोग्याचा इतिहास लिहिणारांनी दवाखान्याच्या नोंदवह्या अवश्य पाहाव्यात. पण तो दवाखान्यात गेला नाही त्या काळात तो कोठे गेला, हे नोंदवहीत सापडत नाही.

बायकांचे दुखणे तर पंसाऱ्यापर्यंतही स्वतःच्या पायाने गेले नाही. मराठा सरदारांच्या घरी गोषा कडक. ब्राह्मणांच्या बायका देवळात, नदीवर मोकळ्या जात, परंतु वैद्यापुढे जीभ दाखविणे त्यांनाही जड. मुलखातल्या ठाकूर व मुसलमान घरांतही पडदा होताच, म्हणून या एका बाबतीत आलेले आणि असलेले यांच्यात फारसे अंतर नव्हते. फरक बाळंतपणात होता. स्थानिक मुलीचे माहेर पाच-दहा कोसांवर. दक्षिण्यांच्या सोयरिकी इंदूर, देवास, धार, झांशी, बडोदे, पुणे अशा लांबच्या. पहिलटकरीण माहेरी पोहोचवायची म्हणजे महिन्याचा प्रवास, आणि तो टळला की सासरीच, परक्या मुलखातल्या दाईच्या हाती. मराठी घराला सुईण हवी असे, आणि लष्करात सुईण मिळे ती दाईच. पुढे जे घडले ते तडजोडीचे होते: नाळ कापायला दाई, आणि शेकशेगडी, धुरी, बाळंतकाढा व अळिवाचे लाडू यांना घरची म्हातारी. सहाणेवर मुरडशेंग उगाळणारी आजी आणि घुट्टी पाजू पाहणारी दाई यांच्यात पाचवीपर्यंत शीतयुद्ध चाले.

१८८६ हे साल दोन कारणांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी इंग्रजांनी किल्ला व मुरारची छावणी शिंद्यांना परत दिली, आणि त्याच वर्षी शिंद्यांच्या गादीवरचे जयाजीराव महाराज निवर्तले. त्यांच्या स्मरणार्थ, त्यांचे पुत्र माधवराव महाराज यांच्या अमदानीत, कंपूच्या बाजूस भव्य रुग्णालय उभे राहिले आणि १८९९ मध्ये पूर्ण झाले. त्याचे नाव जयारोग्य, ज्यात राजाचे नावही आहे आणि आरोग्याचा जयही. त्याच वर्षी शिवपुरीपर्यंत दोन फुटी रुळांची चिमुकली आगगाडी सुरू झाली. तिची दुसरी शाखा १९०९ मध्ये श्योपूरला, चंबळेच्या मुलखात पोहोचली. रुग्णालय आणि ही गाडी यांचा संबंध कोणी फारसा जोडत नाही, पण तो जोडला पाहिजे. कारण तिने परगण्यांतला रोगी लष्करात आणला: पान्थरी आलेला, नारू झालेला, मोतीबिंदूने आंधळा झालेला, गाठोड्यात सत्तू बांधून आलेला मनुष्य. आणि रुग्णालयाच्या दालनांत खाटेवर तो पडला असताना, पाच मिनिटांच्या वाटेवरच्या वाड्यातली म्हातारी म्हणत असे, दवाखान्याच्या मिश्रणात पाणी कोणाच्या हातचे कोण जाणे. औषध हवेच तर घरचे पाणी घरच्या बाटलीत घालून पाठवायचे, हा तोडगा त्या काळी हिंदुस्थानात पुष्कळ ठिकाणी निघालेला होता.

पुरुष मात्र लवकर वळले, आणि त्याचे श्रेय मी विज्ञानाच्या प्रभावाला जितके देतो तितकेच रजेच्या अर्जाला देतो. दक्षिणी मनुष्य बहुधा दरबारच्या नोकरीत. आजारपणाची रजा घ्यायची तर दाखला हवा, आणि दाखला घरचा वैद्य देऊ शकत नाही. दाखल्यासाठी गेलेला कारकून कुनैनची पुडी घेऊन परते, आणि हिवताप उतरला की वैद्यावरची श्रद्धाही थोडी उतरे.

माधवराव महाराजांना रुग्णसेवेचा छंदच होता म्हणावे लागेल. १९०० मध्ये चीनवरील मोहिमेसाठी त्यांनी ‘ग्वाल्हेर’ नावाची रुग्णनौका सज्ज करून दिली व स्वतः तिकडे गेले. पहिल्या महायुद्धात ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ ही आगबोट विकत घेऊन ‘लॉयल्टी’ नावाने हिंदी सैनिकांची रुग्णनौका केली.  

१९४६ मध्ये ग्वाल्हेरीत गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय निघाले. आजच्या मध्यप्रदेशातील ते पहिले. त्याच वर्षी भोर समितीने आपला अहवाल सादर केला आणि दवाखाना रोग्याजवळ जावा, खेड्यात प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, हा विचार सरकारी भाषेत प्रथमच सविस्तर मांडला गेला. वैद्याने रोग्याकडे जावे ही वाड्यातली जुनी रीत आता सरदाराऐवजी शेतकऱ्याच्या वाट्याला यावी, एवढाच त्याचा अर्थ. वर्षभरात फाळणी झाली आणि सिंधी व पंजाबी निर्वासितांचे लोंढे लष्करात उतरले. त्यांच्याकडे पाहून वाड्यांतली माणसे म्हणू लागली, ‘हे बाहेरचे.’ स्वतः दक्षिणी असल्याची आठवण त्यांना तेव्हा फक्त श्रावणातल्या सप्तमीला होत असे. १९४८ च्या मे महिन्यात मध्यभारत झाला, दरबार गेला, नेमणुका गेल्या, आणि शेवटचा आश्रित वैद्यही कोठे तरी औषधांची पाटी लावून बसला. वाड्यांतल्या मुली त्याच सुमारास कमलाराजा रुग्णालयात बाळंत होऊ लागल्या होत्या. लष्करात उतरल्यापासून त्या खाटेपर्यंत पोहोचायला दक्षिण्यांना जवळजवळ दीड शतक लागले.

आज जयारोग्याच्या आवारात सकाळी जी रांग लागते ती भिंड, मुरैना, दतिया, शिवपुरी, श्योपूर इथल्या लोकांची. तीत मराठी क्वचित कानी पडते, कारण वाडे विकले गेले आणि मुले पुण्याला, बंगळुराला, त्याहूनही लांब गेली. आमचे बाड एका पावसाळ्यात भिजून त्याची निम्मी पाने चिकटली. उरलेली मी उतरवून घेतली आहेत. लष्करातल्या, उज्जैन-देवासच्या, झांशीच्या जुन्या घरांत अशी बाडे अजून असतीलच. ज्या वाचकांच्या माळ्यावर ती असतील त्यांना एवढीच विनंती की, घर रिकामे करताना ती रद्दीत घालू नयेत. मोडी वाचता येत नसेल तरी हरकत नाही. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात वाचणारी माणसे आहेत.